परिशिष्ट ७-अ : मूल सांभाळण्याबाबत सूचना

मागणीचिठ्ठी
काय हवे : तरीसेवा चौकशी समितीचा अहवाल, सर्व परिशिष्टांसह.
साल : अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचे.
प्रयोजन : वैयक्तिक.

“वैयक्तिक असं इथे काही नसतं,” चिठ्ठी परत सरकवत कुलूपबाई म्हणाली. “अभ्यास, न्यायालय, नाहीतर कार्यालयीन काम. तिन्हींतलं एक लिहा.”

“मग अभ्यास लिहा. शाळेत केला नाही, तो आता करते.”

समोरची बाई साठीची होती. बोटं काळीनिळी, नखांच्या कडांत शाई मुरलेली. रबरी शिक्के बनवायचं तिचं दुकान होतं. कुलूपबाईने चिठ्ठीवर ‘आवक’चा शिक्का उठवला तशी ती खुदकन हसली.

“हा आमच्याकडचा. तुमचा ‘गोपनीय’सुद्धा आमचाच. त्यातला ‘गो’ जरा तिरका आलाय, बघा कधी. त्या दिवशी माझी दाढ दुखत होती.”

कुलूपबाई बावीस वर्षं तो तिरका ‘गो’ कागदांवर उठवत आली होती आणि दोष आपल्या मनगटाचा समजत होती.

तिला कुलूपबाई म्हणायचे ते उगाच नाही. विधिमंडळाच्या ग्रंथालयाखाली, सतरा पायऱ्या उतरून गेलं की रेकॉर्ड रूम लागते. लोखंडी कपाटांच्या अकरा रांगा, हवेतला दमटपणा मोजणारी दोन यंत्रं (एक चालू, एक दुरुस्तीला गेलेलं), वाचायला एक लांब मेज आणि भिंतीवर पाटी : शाईचे पेन आणू नये, पाणी आणू नये, पाने मोजून घ्यावीत, मोजून द्यावीत. प्रत्येक कपाटाला दोन किल्ल्या. एक तिच्या कमरेला, दुसरी वर ग्रंथपालांच्या तिजोरीत. वाचणाऱ्याच्या समोर तिने बसून राहायचं, त्याचं वाचन संपेपर्यंत. बोलायचं नाही, वाचायचं नाही, फक्त त्याच्या हातांकडे बघायचं. ती घरी बिस्किटांच्या डब्यालाही कुलूप लावते अशी आवई तिच्या नवऱ्याने उठवली होती. कुलूप नव्हतं. चिकटपट्टी होती.

(गोष्ट पुढे नेण्याआधी पटल म्हणजे काय ते सांगून टाकायला हवं. सभागृहाच्या मधोमध एक लांबलचक मेज असतं, तेच पटल. सदस्य उठतो, हातातला कागदांचा गठ्ठा उचलतो आणि म्हणतो, ‘हे मी पटलावर ठेवतो.’ झालं. त्या क्षणापासून त्या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद सभागृहाचा. मग त्यात अहवाल असो, नकाशा असो, नाहीतर चुकून राहिलेली इस्त्रीवाल्याची चिठ्ठी असो. त्याला क्रमांक पडतो, त्याची नोंद होते, आणि ठेवणाऱ्यालासुद्धा तो परत नेता येत नाही.)

अहवाल आला. नदीपार नेणाऱ्या तरी म्हणजे होड्या, नावाड्यांचे जबाब, बुडालेल्या दोन होड्यांचे तपशील. शिक्केवालीने त्यातलं काहीच वाचलं नाही. पानं उलटत ती २१२ वर आली, आणि थांबली.

गुलाबी चिठ्ठी, पान २१२ व २१३ यांच्या मध्ये
परिशिष्ट ७-अ. हस्तलिखित, एक पान, पाठपोट. येथून काढून विशेष कपाटात हलविले. वर्ग ‘अ’, कायम. मूळ प्रत फक्त ग्रंथपालांच्या लेखी परवानगीने.

“हलवली?” शिक्केवाली म्हणाली. “कुठे हलवली हिला?”

“हिला?”

“माझ्या आईला.”

समोर बसून बोलायचं नाही हा नियम. पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि ऐकू नये असा नियम नव्हता.

शिक्केवालीचे वडील एकदाच निवडून आले होते, आणि तरीसेवेची चौकशी करणारी समिती त्यांच्याकडे होती. अहवाल पटलावर ठेवायचा त्याच दिवशी सकाळी तिची आई ऑपरेशनसाठी इस्पितळात निघाली. निघता निघता तिने एक कागद लिहिला, अडीच वर्षांची मुलगी कशी सांभाळायची त्याचा. वडील घाईत. दुपारी वाचू म्हणून त्यांनी तो हातातल्या फायलीत सरकवला. बारा वाजता त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले आणि फाईल आहे तशी पटलावर ठेवून खाली बसले. कारकुनाने पानं मोजली. परिशिष्ट सात आणि आठच्या मध्ये हस्ताक्षरातलं एक पान निघालं, त्याने त्यावर ७-अ लिहिलं आणि इमानेइतबारे मथळाही दिला.

नवव्या दिवशी आई गेली.

“बाबांनी मला हे सांगितलं कधी, तर गेल्या थंडीत, अंथरुणावरून. म्हणाले, ‘तुझ्या आईचं घरात एकच अक्षर होतं, तेही मी न वाचता सरकारजमा केलं.’ आयुष्यभर पोटात ठेवलं माणसाने.”

“पण सदस्य होते ते. त्यांना कधीही बघता आलं असतं.”

“दारापर्यंत दोनदा आले होते म्हणे.”

कुलूपबाई उठली. त्या सालाची देवघेव वही काढायला तिला चार मिनिटं लागली. वही दुसऱ्याला दाखवायची नसते. तिने स्वतःच वाचली, पान छातीशी धरून.

देवघेव वही
मा. सदस्य. मागणी : ७-अ. कागद काढला. न पाहता परत.
(सात आठवड्यांनी) मा. सदस्य. मागणी : ७-अ. कागद काढला. न पाहता परत.

“आले होते,” ती म्हणाली. तेवढं सांगता येत होतं.

शिक्केवालीने मान हलवली. “घाबरले असणार. मला मावशीने वाढवलं, आईच्या मोठ्या बहिणीने. मावशी म्हणायची, आपण परत येणार नाही हे आईला माहीत होतं. कपाट आवरलं, कागद लिहिला, आणि पोरीला उठवलंसुद्धा नाही. निरोप घ्यायचा धीर नव्हता म्हणायची, कधी रागात असली तर म्हणायची, मायाच नव्हती. बाबांना वाटलं असेल, त्या कागदात शेवटचं काहीतरी लिहिलंय. मला एवढंच बघायचंय, बाई. मला न उठवता ती गेली ती का गेली.”

“सोमवारपासून हे सगळं बंद आहे,” कुलूपबाई म्हणाली. “सगळ्या मूळ प्रती हवाबंद पेट्यांत जाणार. दीड वर्षाने पडद्यावर चित्र दिसेल, कोणालाही.”

“पेपरात वाचलं, म्हणून तर आज शुक्रवारची धावत आले. दीड वर्षाने मी असेन हो, पण मावशी शहाऐंशी वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांदेखत कळायला हवं. आणि शिवाय...” तिने आपली निळी बोटं मेजावर पालथी ठेवली. “पडद्यावर अक्षर दिसतं. अक्षराचा दाब नाही दिसत.”

आता कुलूपबाईच्या मनातलं. हे कोणत्याही नोंदीत जाणार नाही.

तिला तो कागद पाठ होता. दर वर्षी मोजदादीच्या वेळी वर्ग ‘अ’चा प्रत्येक कागद उघडून बघायचा असतो, आणि विशेष कपाटातला दमटपणा गेल्या बावीस वर्षांत गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा तपासला गेला होता. घरी सासूशी वाजलं की तपासला जायचा. मुलगी नापास झाली तेव्हा सलग तीन दिवस तपासला गेला.

कागद वर्ग ‘अ’ मध्ये गेला कसा, तेही तिला ठाऊक होतं. ठेवला गेल्यावर सहा वर्षांनी सरकारला पाळणाघरांसाठी नियम करायचे होते. समितीने ग्रंथालयाच्या सूचीत ‘मूल’ शोधलं, तर एकच नोंद सापडली : मूल सांभाळण्याबाबत सूचना, पटलावर ठेवलेली, अधिकृत. समितीला वाटलं, एखाद्या खात्याचं परिपत्रक असणार. त्यांनी ते उचललं, कारकुनी भाषेत घोळवलं आणि नियम करून सगळ्या सरकारी पाळणाघरांत पाठवून दिलं. ज्या कागदावरून नियम झाला तो कायम जपायचा असतो. म्हणून वर्ग ‘अ’.

कुलूपबाईची आई सुताच्या कारखान्यात पाळीवर जायची, आणि कुलूपबाई पाळणाघरात. तिथल्या बाईंचं सगळं वागणं पुढे तिला या कागदात ओळीने भेटलं होतं. हा कागद आपल्याबद्दल आहे असं तिला बावीस वर्षं वाटत आलं होतं.

आणि आता ज्या मुलीबद्दल तो होता ती समोर येऊन बसली होती. कुलूपबाईला तिचा जरासा हेवा वाटला. मग तिचं तिलाच हसू आलं, आणि ती किल्ल्या सावरत जिना चढली.

ग्रंथपालांना सगळे पोटकलम म्हणत. कोणी ‘साहेब, चहा?’ विचारलं तरी ते कोणत्या नियमाखाली ते मनात तपासून मगच हो म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. चौपन्न वर्षांचा, एकटा, आणि कागद जपताना आपण माणसं जपतो अशी त्यांची समजूत होती.

“नियम एकोणीस, पोटकलम तीन,” ते म्हणाले. “वर्ग ‘अ’ची हस्तलिखित मूळ प्रत विद्यमान सदस्याला, न्यायालयाला, किंवा तो कागद ज्या व्यक्तीविषयी आहे त्या व्यक्तीला दाखवता येईल.”

“सदस्याची मुलगी आहे, साहेब.”

“मुलगी नियमात नाही.”

“पण कागद तिच्याविषयीच आहे.”

“कागदात नाव आहे?”

नाव नव्हतं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसतं ‘बाळ’, नाहीतर ‘ती’.

“मग त्या म्हणजे तेच बाळ हे ठरवावं लागेल. बोलवा त्यांना. कपाट उघडू, कागद माझ्यासमोर राहील, मजकूर त्यांना सांगायचा नाही, सुचवायचा नाही. तुम्ही टिपण घ्या.”

ओळख पडताळणीचे टिपण
(वेळ : चार वाजून दोन मिनिटे)

ग्रंथपाल : झोपेतून उठल्यावर आपण काय करता?

अर्जदार : काही नाही. पाण्याचे दोन घोट पोटात जाईपर्यंत कोणी बोललं तर मला रडू येतं. आता या वयातसुद्धा. लाज वाटते सांगायला.

ग्रंथपाल : हे ग्राह्य धरता येत नाही.

अर्जदार : खोटं बोलतेय का मी?

ग्रंथपाल : खोटं नाही. मलाही येतं.

(ग्रंथपाल समोरचा कागद सरळ करतात)

ग्रंथपाल : मी पाळणाघरात होतो. त्यामुळे पुरावा म्हणून याला काही किंमत नाही.

कुलूपबाई (टिपण थांबवून) : मलाही येतं, साहेब.

ग्रंथपाल : तुम्ही लिहा. झोपताना कसं झोपता?

अर्जदार : डाव्या कुशीवर. एक पाय पांघरुणाच्या बाहेर.

ग्रंथपाल : पाळणाघरांचे नियम चार आणि पाच. अर्धं शहर तसंच झोपतं.

अर्जदार : अहो, मग मी मी आहे हे सांगू तरी कसं?

ग्रंथपाल : अंगावर जन्मापासूनची काही खूण?

अर्जदार : मानेवर तीळ आहे. इथे हनुवटीवर व्रण आहे, पण तो रबर कापायच्या सुरीचा, सोळाव्या वर्षीचा.

ग्रंथपाल : आणखी?

अर्जदार : आणखी... आणखी काही नाही हो.

ग्रंथपालांनी कागद पाकिटात सरकवायला घेतला. सावकाश, कडा न दुमडता. कुलूपबाईने पेन्सिल खाली ठेवली. उत्तर तिला माहीत होतं. कागदाच्या मागच्या बाजूला तिसरी ओळ. पाळणाघराच्या समितीने कागद उलटून पाहिलाच नव्हता, म्हणून ती ओळ कोणत्याच नियमात गेली नव्हती आणि सगळ्या जगात ती एकाच पायाला लागू होती. सांगायचं नाही, सुचवायचं नाही. बावीस वर्षांत तिने कोणाला कपाटाचा क्रमांकसुद्धा सुचवला नव्हता.

तिने शिक्केवालीच्या पायांकडे पाहिलं. काळे साधे बूट. उजवा बूट बाहेरच्या बाजूने ब्लेडने चिरलेला, सुबक, मुद्दाम चिरलेला.

“साहेब,” ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज परका वाटला, “बाई मघापासून उभ्या आहेत. त्यांना बसायला सांगा ना. बूट चावतोय बहुतेक.”

पोटकलमांनी तिच्याकडे पाहिलं. ते खुळे नव्हते.

“हे टिपणात घेऊ नका,” ते म्हणाले. “बसा, बाई.”

“बूट नाही हो चावत,” शिक्केवाली बसत म्हणाली, “पायच तसा आहे. करंगळी चढते ना. म्हणून चिरून घेते. दर नव्या बुटाला मेली हीच बोंब...”

ती थांबली. दोघं तिच्याकडे बघत होते.

“दाखवू?”

“नियमानुसार,” पोटकलम म्हणाले, “प्रत्यक्ष पाहणी आवश्यक आहे.”

तिने बूट काढला, मोजा काढला. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर आरामात चढून बसली होती. ग्रंथपाल मेजाला वळसा घालून आले, भिंग घेऊन खाली गुडघ्यांवर बसले आणि एखादं जुनं, नाजूक पान बघावं तसं त्यांनी ते बोट पाहिलं.

“अगदी लहानपणापासून?”

“मावशी म्हणायची, जन्मतःच.”

(वेळ : चार वाजून एकोणीस मिनिटे. पडताळले. परवानगी : वीस मिनिटे. नक्कल नाही, छायाचित्र नाही.)

खाली रेकॉर्ड रूममध्ये शिक्केवालीने दोनदा हात धुतले. शाई काही गेली नाही. ती कधीच जाणार नव्हती. कुलूपबाईने टॉवेल दिला, हात कोरडे झाले का ते स्वतः बघितलं, आणि कागद तिच्यासमोर ठेवला.

अहो,
घाईत लिहिते आहे, गाडी येईलच.
बाळ झोपेतून उठलं की लगेच बोलू नका. नुसतं जवळ बसा. पाणी द्या. दोन घोट झाले की स्वतःच बोलायला लागेल, मग तुम्हाला बोलू देणार नाही.
डाव्या कुशीवर निजवा. एक पाय बाहेर राहू द्या, झाकलात तर जागी होईल.
रडत असेल तर ‘का रडतेस’ विचारू नका. तिला ठाऊक नसतं. खिडकीतलं काहीतरी दाखवा.
केस खालून वर विंचरा, वरून खाली नाही.
तुम्ही भाषणाची तयारी करता तेव्हा तिला वाटतं तुम्ही रागावलात. आधी सांगत जा, हे खोटं खोटं आहे.

शिक्केवालीने वाचलं. मग पुन्हा वाचलं. भाषणाच्या ओळीला तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. (समितीने त्या ओळीचा नियम केला होता : ‘मुलांच्या उपस्थितीत भाषणे करू नयेत.’ पाळणाघरांची उद्घाटनं त्यामुळे फार लवकर आटोपतात.) अक्षर बारीक होतं, उजवीकडे झुकलेलं. शेवटी शेवटी ओळी चढत गेल्या होत्या, कागद मांडीवर घेऊन लिहिल्यासारख्या.

आठ मिनिटं झाली. नऊ झाली. तिने कागद उलटला नाही.

कुलूपबाई हातांकडे बघत होती. ते तिचं कामच होतं. निळी बोटं कागदाच्या खालच्या कडेपाशी येत आणि मागे सरत. असेच आणखी दोन हात अठ्ठावन्न वर्षांपूर्वी या मेजावर दोनदा येऊन मागे सरले असणार.

“यादीत,” कुलूपबाई म्हणाली, “पाठपोट लिहिलंय.”

“माहीत आहे.”

“वेळ अकरा मिनिटं आहे.”

“बाई, तुम्ही वाचलाय ना?”

“मला सांगता येत नाही.”

“वाईट आहे का, एवढं सांगा.”

कुलूपबाईला हो की नाही काहीच म्हणता येत नव्हतं. तिने खुर्ची उचलली, मेजाला वळसा घातला आणि शिक्केवालीच्या शेजारी नेऊन ठेवली. बसणाऱ्याने समोर बसावं असं पाटीवर होतं. ती शेजारी बसली.

मग शिक्केवालीने कागद उलटला.

सकाळचं औषध तिला साखरेशिवाय देऊ नका, थुंकते.
निळा सदरा धुऊ नका, तो तिला तसाच हवा असतो.
उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढते. मोजा घालताना आधी ती सोडवा.
आत्ता तिला उठवत नाही. उठली तर गळ्याला मिठी मारेल आणि मग माझाच पाय निघायचा नाही. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे.
ती खिडकीशी उभी राहून कोणाशी बोलते, त्याची मोठी गंमत आहे. ती आणि बाकीचं मी आल्यावर सांगते. लिहीत बसले तर कागद पुरणार नाही.

“आल्यावर सांगते म्हणते,” शिक्केवाली म्हणाली. मग मोठ्याने वाचलं, “आल्यावर सांगते!” आणि हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले, तशी तिने चटकन मान मागे घेतली. कागदावर पाणी पडता कामा नये, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. “येणार होती, बाई. परत येणार होती ही. माझा नीट निरोप घ्यायला काय, कायमची निघाली होती थोडीच!”

कुलूपबाईला ती ओळ बावीस वर्षं पाठ होती, पण कोणाच्या तोंडून तिने ती ऐकली नव्हती. ऐकल्यावर ती वेगळीच होती. एखादी बाई दारातून, चपला सरकवता सरकवता बोलल्यासारखी.

शिक्केवालीने डोळे मिटून कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं. “इथे घाई आहे,” ती म्हणाली. “इथे पेन अडलंय. ‘मिठी’वर जोर दिलाय बघा. आणि हे शेवटचं अगदी हलकं आहे. भीती असती तर हात जड झाला असता. चाळीस वर्षं अक्षरं कापतेय मी, मला कळतं.”

मग ती एकदम म्हणाली, “मघाशी वर तुम्ही ‘मलाही’ म्हणालात.”

“मी पाळणाघरातली.”

“आणि तुमचे साहेबही.”

“तेही. या कागदावरूनच नियम झाले.” हे सांगायला बंदी नव्हती, राजपत्रात छापून आलेलं होतं.

शिक्केवालीने जरा हिशोब लावला. “म्हणजे माझ्या आईने गावभरची पोरं उठवली. मला सोडून. मला मावशी भांडी आपटून उठवायची.”

त्यात कडवटपणा नव्हता.

“कसं असायचं हो?” शिक्केवालीने विचारलं. “म्हणजे ती उठवायची तेव्हा. कसं वाटायचं?”

चार मिनिटं उरली होती. कुलूपबाईला आयुष्यात कोणी तिच्याकडचं रेकॉर्ड असं मागितलं नव्हतं.

“आधी कळायचंच नाही,” ती म्हणाली. “डोळे उघडायचे, तर कोणीतरी शेजारी बसलेलं असायचं. हात लावायचं नाही. बघायचंही नाही फारसं. नुसतं असायचं. मला वाटायचं, मी झोपले होते तेव्हापासून ही इथेच आहे. मग पाणी यायचं, पितळेच्या पेल्यात. पहिला घोट घेतला की खोली दिसायला लागायची. दुसरा घेतला की बाकीची मुलं. आणि मग एकदम बोलावंसं वाटायचं, काहीही, स्वप्नातलं, घरचं. बाई ऐकायच्या. मला ना, घाई करावी लागायची नाही. तेवढंच आठवतं. दिवसातनं एकदाच, पण घाई नसायची.”

शिक्केवाली ऐकत होती, मान जराशी डावीकडे कलती करून.

“असं होय,” ती म्हणाली. “असं करायची तर ती.”

“असं करायची.”

वीस मिनिटं झाली. कुलूपबाईने वेळ संपल्याचं सांगितलं नाही. शिक्केवालीनेच कागद उचलून दोन्ही हातांनी तिच्याकडे दिला. दोघींनी मिळून पानं मोजली. एक. पाठपोट.

निघताना कुलूपबाई तिला सोडायला सतरा पायऱ्या चढून दारापर्यंत आली. असं ती कोणासाठी करत नसे.

“आता घरी?”

“छे. मावशीकडे. आजच सांगते तिला. तिला ऐकू कमी येतं, ओरडून सांगावं लागेल.”

“सांगा ओरडून.”

“मानायची नाही. कागद कुठे आहे म्हणेल. भांडेल.”

“भांडा. शहाऐंशीच्या माणसाला तेवढं सोसतं.”

“सोसतं कसलं, आवडतं तिला,” शिक्केवाली म्हणाली आणि रस्त्याकडे निघाली.

सिग्नल लाल होता. लोकांच्या घोळक्यात ती फुटपाथच्या कडेला उभी राहिली, आणि कुलूपबाईला दिसलं की तिचे ओठ हलताहेत. ती तालीम करत होती. आधी पुटपुटत, मग जरा चढ्या आवाजात, मग आणखी चढ्या. शेजारच्या माणसाने दचकून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या वाहतूक पोलिसाने मान वळवली.

“नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे!” शिक्केवाली भर रस्त्यात ओरडत होती. “नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे, मावशी!”